डावीकडचा पडदा

सिलिका जेलचे खडे कोरडे असले की निळे दिसतात आणि हवेतला ओलावा प्यायले की गुलाबी होतात. आमच्या गॅलरीत प्रत्येक फ्रेमच्या मागे मी अशा खड्यांची एक पुडी चिकटवून ठेवली होती. लॉकडाऊन लागला तेव्हा मला पहिली काळजी त्या पुड्यांची वाटली. माणसं घरात बसतील, कंटाळतील, एकमेकांना फोन करून डोकं खातील. भिंतीवरचे फोटो काही बोलणार नाहीत, मुकाट्याने बुरशी धरतील.

माझ्याकडे पास होता. मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि पाण्यातला क्लोरीन नि गढूळपणा मोजायला लॉकडाऊनमध्येही कुणीतरी लागतंच. घरी परतताना मी गॅलरीपाशी थांबायचे. शटर अर्धं वर करून वाकून आत जायचे, पंखा लावायचे, गुलाबी झालेल्या पुड्या काढून निळ्या लावायचे. गुलाबी पुड्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या भट्टीत पुन्हा निळ्या व्हायच्या. काम एवढंच, पण ते केल्याशिवाय मला घरी जाववत नसे.

गॅलरी म्हणजे माझ्या काकांचा जुना स्टुडिओ. एक लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला मोठी काच, मागे डार्करूम. ‘हनुवटी खाली, डोळे वर’ असं म्हणत काकांनी तिथे अर्ध्या शहराचे पासपोर्ट फोटो काढले. मग एके दिवशी निगेटिव्हवर ब्रश फिरवताना त्यांचा हात थरथरला. त्याच दुपारी त्यांनी स्टुडिओ बंद केला. काकूला संध्याकाळी चहा पिताना सांगितलं, तेही तिने दोनदा विचारल्यावर. काकांचं हे असं. एखादी गोष्ट आपल्याच्याने नीट होत नाही असं वाटलं की ते ती बंद करतात, आणि कुणाला विचारत नाहीत.

रिकाम्या स्टुडिओच्या भिंती त्यांनी पांढऱ्या केल्या आणि हौशी लोकांना फोटो लावायला बोलावलं. त्यातून आमचा रविवार सुरू झाला. रविवारी प्रत्येकाने एक फोटो आणायचा, त्यावर नाव नाही. सगळे फोटो भिंतीला लावायचे आणि एकेक करून सगळ्यांनी बोलायचं. ज्याचा फोटो असेल त्याने अवाक्षर काढायचं नाही. निंदा होवो की स्तुती, तोंडाला कुलूप. शेवटी काका बोलायचे आणि त्यांतला एक निवडायचे. तो आठवडाभर काचेमागे, रस्त्याकडे तोंड करून लागायचा. मग फोटोवाल्याने फक्त ‘माझा’ एवढं म्हणायचं. काकांचा एक धडा सगळ्यांना पाठ होता. “मधलं काय, ते कुणालाही दिसतं. काठ बघा. काठाशी काय आत आलंय आणि काय बाहेर राहिलंय, त्यावरून फोटो काढणारा कळतो.”

लॉकडाऊनमध्ये हे सगळं बंद पडेल असं वाटलं होतं. पण शेजारी औषधांचं दुकान आहे आणि त्याची रांग बरोबर आमच्या काचेपुढून जायची. फुटपाथवर चुन्याचे गोल आखले होते, आणि एकेका गोलात तोंड बांधलेला एकेक माणूस, करायला काही नाही, बघायला आमची काच. मी हे काकांना फोनवर सांगितलं.

“मग तोच फोटो किती दिवस दाखवणार त्यांना?” काका म्हणाले. “रविवार फोनवर घ्या. फोटो तुझ्याकडे पाठवू देत, तू नाव काढून सगळ्यांना पाठव. निवडलेला छाप आणि लाव.”

“तुम्ही निवडणार ना?”

“मग काय दुकानवाला निवडणार?”

तसं सुरू झालं. मागच्या खोलीतल्या प्रिंटरवर मी फोटो छापत होते आणि सोमवारी काचेला लावत होते. रांगेतली माणसं बघायची. एक आजीबाई दर आठवड्याला काचेवर काठीने टकटक करून मला मत द्यायच्या. “मागचा बरा होता, बाई.” मी मान डोलवायचे.

फोनवरच्या रविवाराला आम्ही सातआठ जण असायचो, पण बोलणारे तिघेच. एक दातवाले. ते दाताचे डॉक्टर, पण त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नाही, कारण काकांनी एकदा त्यांना ‘अहो दातवाले’ अशी हाक मारली आणि तेच नाव पडलं. दवाखाना बंद असल्यामुळे त्यांच्यात बोलणं खूप साठलेलं असायचं. दुसरे बसचे ड्रायव्हर. तिसरी बेकरीवाली ताई, जी पहाटेपासून उभी असल्यामुळे रविवारी दुपारी बोलता बोलता जांभया द्यायची. मी फारसं बोलत नाही. काका मला लहानपणापासून ‘टिपकागद’ म्हणतात. सगळं शोषून घेते, परत काही देत नाही.

पहिल्यांदा मला खटकलं ते दातवाल्यांच्या फोटोच्या वेळी. बंद दवाखान्यातली ती मोठी खुर्ची, वर दिव्याचं चकाकतं भांडं, आणि अगदी उजव्या काठाला, दारात, त्यांची म्हातारी आई हातात झाडू घेऊन उभी. तो फोटो त्या आईचाच होता. रिकामी खुर्ची झाडणारी ती एकटीच.

काका दिव्यावर बोलले. भांड्यात खिडकी कशी उमटली आहे, तिचे चार गज कसे वाकले आहेत, हे त्यांनी असं सांगितलं की आम्ही सगळ्यांनी फोन जवळ घेऊन ते गज बघितले. मग म्हणाले, “पण रिकामा आहे. माणूस हवं होतं कुणीतरी.”

काकांना कुणी खोडत नाही. नियमाप्रमाणे दातवाल्यांना बोलता येत नव्हतं. नंतर त्यांनी मला वेगळा फोन केला.

“काकांनी आईला खोडूनच टाकलं की हो.”

“म्हणजे?”

“मी विचार केला त्यावर. त्यांचं म्हणणं असं असणार की काठावरचं माणूस पुरेसं आत आलेलं नाही. असून नसल्यासारखं. थोर आहेत हो ते. आईला मात्र सांगितलं नाही मी, ती फोनमध्ये शिरून भांडली असती.”

मी ‘हं’ म्हटलं. माझं समाधान झालं नव्हतं.

त्यानंतर काकांचा रोल आणायला गेले. ते अजून फिल्मवर फोटो काढतात, आणि लॉकडाऊनभर त्यांनी खिडकीतून एक रोल काढला होता. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. म्हाताऱ्या माणसांच्या घरात जायचं नाही असं मीच ठरवलेलं होतं, म्हणून काकूने बाल्कनीतून दोरीला बांधून पिशवी सोडली. मी खाली, वरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, झाडाच्या सावलीत उभी. काका काकूशेजारी आले.

“काय टिपकागद, वाळलीस की काय?” त्यांनी विचारलं, पण उजवीकडच्या रिकाम्या रस्त्याला.

“अहो, ती इकडे आहे,” काकू म्हणाली.

“मास्क लावल्यावर सगळे सारखेच दिसतात.” त्यांनी मान पूर्ण वळवली, थोडा वेळ शोधलं, आणि मग मी सापडले.

त्यांच्या कपाळाला, डाव्या भुवईवर, जुना पिवळा पडलेला मार होता. मी बोटाने माझं कपाळ दाखवलं.

“दाराची चौकट,” काकू म्हणाली. “या घरात इतकी वर्षं राहून हल्ली यांना दारं नवीन वाटायला लागली आहेत. परवा पाण्याचं भांडं पाडलं. काल माझ्या पायावर पाय.”

“तुझा पाय मध्ये होता,” काका म्हणाले.

“माझा पाय माझ्या खाली होता.”

मी रोल घेऊन निघाले. चालताना मला आजोबा आठवत होते. आजोबा म्हणजे काकांचे वडील. त्यांना शेवटी शेवटी वर्तमानपत्रातलं एकेक अक्षर वाचता यायचं, पण त्यांच्या बाजूला बसलेलं माणूस दिसायचं नाही. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर काठाकडून आत आत मरत जाते, दुखत नाही, खुपत नाही. मेंदू ती रिकामी जागा आपल्या आपण भरून काढतो, म्हणून माणसाला वाटतं सगळं दिसतंय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखता येते, वेळेवर गेलं तर. आणि हा आजार घराण्यातून येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रोल धुतला. निगेटिव्ह वाळल्यावर सगळ्या एकाच कागदावर लहान लहान छापल्या आणि तो कागद खिडकीशी नेऊन बघितला.

फोटो चांगले होते. उजेड अचूक, क्षण अचूक. आणि प्रत्येकाच्या डाव्या बाजूला एक काळा पट्टा होता. पहिल्यांदा मला वाटलं कॅमेऱ्याचा पडदा अडकला. भिंग लावून बघितलं तर तो खराखुरा पडदा होता, काकूच्या खिडकीचा, उन्हासाठी एका बाजूला बांधून ठेवलेला. त्याच्या चुण्या दिसत होत्या. कधी चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा. एकही फोटो त्यातून सुटलेला नव्हता. काठ बघा, म्हणणाऱ्या माणसाने सबंध रोल पडद्यासकट काढला होता, आणि त्याला तो दिसला नव्हता.

मी काकूला फोन केला.

“तो फोन कसा बघतात गं, रविवारी?”

“अगदी डोळ्याला लावून. वर त्यांचं ते जुनं भिंग. गहू निवडल्यासारखं एकेक दाणा बघतात. का गं?”

मी सांगितलं.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “डोळे दाखवू या म्हटलं तर म्हणतात, सध्या हॉस्पिटलात जायला मला काय वेड लागलंय. तूच सांग बाई. मी सांगितलं तर म्हणतील, तुला फोटोतलं काय कळतं.”

मी सांगणार होते. पण सांगितल्यावर काय होईल तेही मला ठाऊक होतं. ज्या माणसाने हात थरथरला म्हणून स्टुडिओ एका दुपारीत बंद केला, तो नजर गेली म्हटल्यावर गॅलरीचं शटर संध्याकाळपर्यंत खाली ओढणार. बेकरीवालीला आठवड्यात बोलायला तीच एक दुपार होती. दातवाल्यांचं तर त्या दुपारवरच भागत होतं. आणि नाही सांगितलं तर रविवार चालू राहणार, काका निवडत राहणार, आणि त्यांची नजर रोज थोडी थोडी आत येत जाणार. या दोन्हींत खरं तर तोलण्यासारखं काही नव्हतं. तरी मी त्यांना फोन केला तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते असं:

“रोल धुतला.”

“नीट आलाय?”

“निगेटिव्ह नीट आहेत.” हे खोटं नव्हतं.

“मग एक निवड आणि रविवारी टाक. नाव नको. बघू या काय अक्कल पाजळतात ते.”

मी एक निवडला. समोरच्या गच्चीवर एक माणूस खुर्चीत बसून स्वतःचे केस कापतोय, त्याची मुलगी दोन्ही हातांनी आरसा धरून उभी आहे, आणि आरसा तिच्याएवढाच आहे. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, त्याच्याखाली कागदाला चौकट असते, तिच्या पट्ट्या सरकवल्या की नको तो भाग बाहेर राहतो. मी पट्टी सरकवली. पडदा गेला. उरलेला फोटो इतका सुरेख होता की कुणी शंकासुद्धा घेतली नसती. तो मी ट्रेमधून काढून धुतला आणि दोरीला अडकवला.

मग बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. आमच्याकडे प्रयोगशाळेत एखादं मोजमाप बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून खोडायची मुभा नाही. पाणी खराब असेल तर ते खराबच लिहायचं. मी पट्टी पुन्हा मागे सरकवली आणि पडद्यासकट दुसरा छापला. रविवारसाठी त्याचा फोटो काढून पाठवला. आणि रविवारआधी काकांना सांगायचं असं ठरवून रविवारपर्यंत सांगितलं नाही.

रविवारी तो फोटो सगळ्यांत शेवटी आला. दातवाल्यांनी घसा साफ केला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“हा,” ते म्हणाले, “हा या लॉकडाऊनमधला सर्वोत्तम फोटो आहे. माणूस, मुलगी, आरसा, ते आहेच. पण डावीकडे बघा. एक तृतीयांश फोटो काळा. पडदा. इतका मोठा पडदा घ्यायला धाडस लागतं हो. आपण सगळे पडद्याआड आहोत. बाहेर जग चाललंय आणि आपण आतून, कडेने बघतोय. मला तर वाटतं हा फोटो माणसाचा नाहीच, पडद्याचाच आहे.”

“मला तो पडदा मध्ये मध्ये येतोय असं वाटलं,” बेकरीवाली म्हणाली.

“यायलाच पाहिजे, ताई. तेच तर आहे.”

“बसमध्ये असा खांब असतो,” ड्रायव्हर म्हणाले. “काचेच्या बाजूला. त्याच्यामागे माणूस लपतं. हा फोटो बघून मला तोच खांब आठवला. पण दातवाले म्हणतात तसं असेल. मुद्दाम घेतला असेल तर भारीच आहे.”

“मुद्दामच,” दातवाले म्हणाले. “असा चुकून कोण घेईल?”

फोनवर काकांचा श्वास ऐकू येत होता. नियमाप्रमाणे त्यांना बोलता येत नव्हतं. मग भिंग टेबलावर घासल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा. ते फोन सरकवत होते, हे मला कळत होतं. तुकड्यातुकड्याने डावीकडे जात होते, जिथे आतापर्यंत त्यांना फोटो संपून फोनची काळी कड लागली असं वाटलं होतं.

“काका?” ड्रायव्हर म्हणाले. “आता तुमचं.”

“पहिला लावा,” काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “बेकरीतल्या तव्यांचा. तो चांगला आहे.”

“आणि हा पडद्याचा कुणाचा मग?” दातवाल्यांनी विचारलं.

“माझा,” काका म्हणाले, आणि त्यांचा फोन बंद झाला.

दातवाले म्हणाले, “बघा. मी म्हटलं नव्हतं?”

मी माझा फोन हातात धरूनच बसले. तो लवकरच वाजला.

“किती आहे?” काकांनी विचारलं.

“एक तृतीयांश. काही ठिकाणी कमी.”

“सगळ्यांत?”

“सगळ्यांत.”

“आणि तू तो पट्टी सरकवून काढला नाहीस.”

“काढला होता. मग परत घातला.”

“हं.” मग ते म्हणाले, “दातवाल्याच्या त्या खुर्चीच्या फोटोत काही होतं का?”

“उजवीकडे दारात त्यांची आई होती. झाडू घेऊन.”

मागे काकूने नळ बंद केल्याचा आवाज आला. तीही ऐकत असावी.

“आजोबांना असंच झालं होतं,” मी म्हटलं. “गेलंय ते गेलंय, काका. राहिलंय ते राखता येतं. पण आजच जायला हवं, नाहीतर उद्या. डोळ्यांचं हॉस्पिटल तातडीच्या लोकांसाठी चालू आहे, मी विचारलंय. माझ्याकडे पास आहे.”

“मला काठ दिसत नाहीत,” ते म्हणाले. ते माझ्याशी नाही, स्वतःशी बोलत होते. “ज्याला काठ दिसत नाहीत त्याने भिंत सांभाळू नये. उद्या शटर लाव आणि ज्याचे त्याचे फोटो परत कर.”

“उद्या मी तुम्हाला हॉस्पिटलात नेणार आहे. एका दिवसात दोन कामं होणार नाहीत माझ्याच्याने.”

“परवा लाव मग.”

“परवाचं परवा बघू.”

“फार बोलायला लागलीस,” काका म्हणाले. पण हॉस्पिटलला नाही म्हणाले नाहीत.

सकाळी मी गाडी घेऊन गेले. काकूने त्यांना जिन्यावरून हात धरून उतरवलं, आणि त्यांनी तो धरू दिला. हॉस्पिटलात पांढऱ्या घुमटासारख्या भांड्यात तोंड घालून बसायचं, कुठे बारीक दिवा लागलेला दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. दिवे लागत होते, काकांचा अंगठा बटणावर स्थिर होता. मधूनच एखाददुसऱ्या वेळी तो दाबला जायचा. त्यांना वाटत असणार की यंत्र फार हळू चाललंय.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट. “थेंब रोज घालायचे, न चुकता. मधली नजर चांगली आहे. ती तशीच ठेवू. आणखी उशीर केला असता तर हे मला म्हणता आलं नसतं.”

“फोटो काढता येतील?” काकूने विचारलं. काका तिच्याकडे बघायला लागले.

“मान वळवत वळवत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सगळंच मान वळवत करायचं आता. रस्ता ओलांडतानासुद्धा.”

परतताना काका मागे बसले होते. ते म्हणाले, “रविवारी मी सांगतो त्यांना. तू सांगू नकोस.” आणि पुढे, घर जवळ आल्यावर, “सांगून झालं की मग शटर.”

मी आठवडाभर पुड्या बदलत राहिले. बेकरीवालीचे तवे काचेला लावले. फोटो मात्र कुणाचेच परत केले नाहीत.

रविवारी काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांना बाजूचं दिसत नाही, कधीपासून ते त्यांनाही ठाऊक नाही. त्या पडद्यात अर्थ वगैरे काही नव्हता, तो काकूने उन्हासाठी बांधलेला पडदा होता. आणि दातवाल्यांच्या आईची त्यांनी माफी मागितली.

मग दातवाले अगदी बारीक आवाजात म्हणाले, “म्हणजे मी त्या पडद्यावर एवढं जे काही बोललो...”

“ते चांगलं बोललात,” काका म्हणाले. “तुमच्यामुळेच कळलं. दात काढता काढता डोळ्याचं निदान केलंत.”

बेकरीवाली हसली, आणि मग सगळेच.

“तेव्हा आता हे थांबवू या,” काका म्हणाले. “मी निवडू शकत नाही. अर्धा फोटो बघून निवडायचं ही फसवणूक आहे.”

“काका,” ड्रायव्हर म्हणाले, “आमच्या डेपोत ड्रायव्हर आजारी पडला तर बस भंगारात काढत नाहीत. दुसरा ड्रायव्हर देतात.”

“बरोबर आहे. पण दुसरा ड्रायव्हर आहे कुठे?”

“आहे की. टिपकागद.”

हे नाव काकांखेरीज कुणी घेत नाही. माझे कान तापले.

“मी कायमची निवडणार नाही,” मी म्हटलं. “पाळीपाळीने निवडू. एक रविवार एकाचा.”

“मग आजचा तुझा,” बेकरीवाली म्हणाली. “पाळीची कल्पना तूच काढलीस ना.”

काकांनी फोन बंद केला नव्हता, एवढंच.

त्या दिवशी शेवटी दोन फोटो उरले. एक डेपोत उभ्या असलेल्या बसगाड्यांचा. एका ओळीत, सारख्या अंतरावर, आरसे एकाच कोनात, रेषेत रेषा. दुसरा एका म्हाताऱ्या हाताचा. कुणीतरी खिडकीच्या काचेला आतून तळवा लावलाय आणि बाहेरून लहान मुलाचा तळवा त्यावर यायला निघालाय, पण पोचलेला नाही. लहान हात हललेला, धुरकट.

दातवाल्यांनी आता दोन्ही फोटो काठापासून काठापर्यंत सांगितले, आईला वाचून दाखवावं तसे. बसच्या फोटोत उजवीकडे अर्धी बस कापली गेली आहे, तेही सांगितलं. काका ऐकत होते, मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते. “खाली किती जागा आहे?” “काचेची चौकट दिसते?”

“बसचा,” शेवटी काका म्हणाले. “त्यात चूक काढायला जागा नाही. दुसरा हललाय.”

“दुसरा,” मी म्हटलं.

“हललाय गं तो.”

“हललाय. तरी तोच.”

“कारण?”

मला असं सगळ्यांपुढे कारण द्यायची सवय नाही. मी फोटोकडे बघून जे दिसलं ते सांगितलं. बसच्या फोटोत सगळं थांबलेलं आहे, आणि थांबलेलं काय असतं ते रांगेतल्या लोकांना रोज बघायला मिळतं. दुसऱ्यात एक गोष्ट अजून चालू आहे.

“मला नाही पटत,” काका म्हणाले.

“बरं.”

“बरं म्हणजे? बदलणार नाहीस?”

“नाही.”

इतक्या वर्षांत काकांनी निवडला नाही असा फोटो काचेला लागला नव्हता. सगळे ऐकत होते. मला माझ्या हातातल्या फोनचा गरमपणा जाणवत होता.

“कधी लावणार?” काकांनी विचारलं.

“उद्या.”

“मोठा छाप मग. नेहमीच्या मापात छापलास तर त्या लहान हाताचं नुसतं भूत दिसेल. आणि कागद चमकता नको, समोरून ऊन येतं.”

“बरं.”

“आणि रांगेतले काय म्हणतात ते मला सांग. लपवू नकोस.”

सोमवारी मी मोठा छापला, बिनचमकीच्या कागदावर, आणि काचेमागे लावला. शटर ओढत होते तेव्हा चुन्याच्या दुसऱ्या गोलात एक गृहस्थ उभे होते. हातात औषधांची चिठ्ठी, नाकावर घसरलेला मास्क. त्यांनी फोटो बराच वेळ निरखला आणि मला हाक मारली.

“अहो बाई, हा फोटो हललाय.”

मी तसंच्या तसं काकांना कळवलं. संध्याकाळी काकूचा फोन आला. तिने थेंब घातल्याचं सांगितलं, आणि म्हणाली की आज दिवसभर ते भलतेच खुशीत आहेत, घरातल्या प्रत्येक भिंतीला तोच फोटो कसा चुकीचा आहे ते समजावून सांगतायत, आणि पुढचा रविवार कुणाचा आहे ते विचारतायत.